सरखेल कान्होजी आंग्रे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. आम्ही कान्होजी आंग्रे यांचे नाव सुचविले, तेव्हा काही सभासद मित्रांना नवल वाटले. भिलाई समुद्रापासून शेकडो मैल आत. आपल्याला ठाऊक असलेले पाणी म्हणजे शिवनाथेचे पात्र आणि मरोद्याचा तलाव. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नागपूर, वर्धा, अमरावतीकडून आलेली. कोकणातून आलेली घरे बोटांवर मोजावीत इतकी. अशा ठिकाणी एका दर्यावर्दी पुरुषाच्या चरित्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नव्हे.

त्याचे उत्तर आपल्या भट्ट्यांच्या धगीतच आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या कारखान्याच्या कोक भट्ट्यांना लागणाऱ्या कोळशाचा मोठा वाटा परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून, जहाजाने विशाखापट्टणमला उतरतो आणि तेथून रेल्वेने येथवर येतो. म्हणजे समुद्र आपल्या दारात नसला तरी आपल्या चुलीशी त्याचा संबंध आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हूती बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' नावाचे व्यापारी जहाज पकडून नेले आणि त्यानंतर त्या वाटेने जाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन यांचा मारा सुरू केला. मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालणारा जुना मार्ग धरला. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, विम्याचे दर चढले, मालाचे भाडे वाढले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला 'केम प्लुटो' या जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर हल्ला झाला आणि ते मुंबई बंदरात आणावे लागले. आपला कोळसा काही लाल समुद्रातून येत नाही. परंतु जहाजे एका वाटेवर अडकली की ती दुसऱ्या वाटेवर कमी पडतात आणि भाड्याची झळ सर्वांनाच पोचते.

ही वृत्ते वाचत असताना आम्हांस वारंवार आठवण होत होती ती तीनशे वर्षांपूर्वीच्या कोकण किनाऱ्याची. तेव्हाही व्यापारी जहाजे अडविली जात होती, काफिल्याने जाण्याची सक्ती होत होती, आणि लंडनच्या कचेरीत नफ्यातोट्याचे हिशेब चुकत होते. त्या हिशेबांच्या वह्यांत ज्यांचे नाव 'अँग्रिया चाचा' म्हणून लिहिले गेले, त्यांनाच मराठी दौलतीत 'सरखेल' म्हणजे आरमाराचे अधिपती म्हणत असत. एकाच मनुष्याला दोन नावे कशी मिळाली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र कळत नाही.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या चाकरीत होते आणि हर्णैच्या समोर पाण्यात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा मानतात. त्यांचे बालपण या किल्ल्यावर आणि भोवतीच्या कोळी-भंडारी वस्त्यांत गेले. गलबत कसे हाकावे, वारा कोठून फिरेल, कोणत्या खडकाच्या आड ओहोटीला किती पाणी राहते, हे ज्ञान त्यांना कोणत्याही शाळेने दिले नाही; ते तांडेल आणि खलाशी यांच्या संगतीत आले.

शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला तो या पार्श्वभूमीसाठी थोडक्यात सांगितला पाहिजे. १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधण्यास आरंभ झाला, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, आणि १६७९ मध्ये मुंबईच्या अगदी तोंडाशी असलेले खांदेरी बेट महाराजांनी बळकावून तेथे तट उभारण्यास आरंभ केला. इंग्रजांनी त्याला जहाजे आणून विरोध केला, परंतु बेट मराठ्यांकडेच राहिले. खांदेरी हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. या चरित्रात ते पुन्हा येणार आहे.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला, राजाराम महाराज जिंजीस गेले. कोकण किनारा जणू अनाथ झाला. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार म्हणून एकेक ठाणे गिळू पाहत होता. सुवर्णदुर्गास वेढा पडला तेव्हा किल्लेदार शत्रूला फितूर झाला, तरुण कान्होजींनी त्याला कैद केले आणि किल्ला लढविला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तपशिलांविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. पण सुवर्णदुर्ग वाचला आणि कान्होजींचे नाव पुढे आले, एवढे निश्चित. त्या वेळचे सरखेल सिधोजी गुजर यांचे १६९८ च्या सुमारास निधन झाल्यावर आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. वय तिशीच्या आतबाहेर. समोर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आणि डच. पाठीशी असलेली सत्ता औरंगजेबाशी प्राणपणाने झुंजण्यात गुंतलेली. तेथून पैसा येण्याची आशा नव्हती. आरमार चालवायचे तर समुद्रातूनच उत्पन्न काढावे लागणार होते.

येथे दस्तकाचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते कान्होजींच्या साऱ्या आयुष्याचे मर्म त्यातच आहे.

हिंदी महासागरावर परवान्यावाचून जहाज हाकू नये, हा नियम कान्होजींनी काढलेला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी येथील व्यापाऱ्यांना कार्ताझ नावाचा परवाना घेण्याची सक्ती केली. ज्याच्याजवळ परवाना नसेल त्याचे जहाज लुटावे, प्रसंगी बुडवावे, हा त्यांचा कायदा. हजारो वर्षे मोकळा असलेला समुद्र असा कोणाच्या तरी मालकीचा झाला. पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. तेव्हा कोकणच्या किनाऱ्याचा धनी म्हणून मराठी आरमाराने आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तकाची रक्कम मागितली, यात नवीन काय होते? जमिनीवर नाक्याला जकात द्यावी लागते, तशी ही पाण्यावरची जकात. दस्तक घेतलेल्या जहाजास कौल मिळे आणि त्याला कोणी हात लावीत नसे. न घेतलेले जहाज पकडून बंदरात आणले जाई.

इंग्रजांचे म्हणणे असे, की आपल्या कंपनीची जहाजे कोणाचेही दस्तक घेणार नाहीत. त्यांचे जहाज म्हणजे नेमके कोणते, याविषयी मात्र ते सोयीने बोलत. कंपनीचे नोकर स्वतःचा खासगी व्यापार करीत, मुंबईचे देशी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवीत, आणि मग त्या सर्वांनाच कंपनीचे संरक्षण असल्याचा दावा केला जाई. कान्होजींचा आक्षेप मुख्यतः यावर होता. कंपनीच्या जहाजाला वाट देऊ, पण ज्याने त्याने तिचे निशाण लावून आमची जकात चुकवावी हे चालणार नाही, अशी त्यांची भूमिका दिसते. आजच्या बंदर खात्यातील माणसाला ही तक्रार सहज समजेल.

त्यांची लढण्याची पद्धतही या कामास साजेशी होती. युरोपातून येणारी जहाजे उंच, जड आणि खोल बुडाची. भर समुद्रात त्यांना तोड नव्हती. कान्होजींच्या गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, रुंद आणि उथळ बुडाच्या असत, आणि त्यांच्या नाळेतून सरळ पुढे मारा करणाऱ्या तोफा असत. बरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी खिळून राही. मग ही गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणि शत्रूच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा थोड्या, तेथे नेऊन उभी करीत. शीड व डोलकाठी मोडली की माणसे चढत. उलट पाठलाग झाला तर गलबते खाडीत शिरत आणि मोठी जहाजे बाहेर गाळात रुतण्याच्या भीतीने घुटमळत. मलबारची मिरी मुंबईस न्यायची तर सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा या ठाण्यांवरूनच जावे लागे. वाट टाळण्यास भर समुद्रात दूर जावे तर दिवस वाढत.

१७०२ मध्ये सहा इंग्रज असलेले एक लहान जहाज कान्होजींनी पकडले, तेव्हापासून मुंबईकर इंग्रजांच्या दप्तरात त्यांचे नाव ठळक होऊ लागले. १७०७ मध्ये 'बॉम्बे' नावाची इंग्रजी युद्धनौका त्यांच्याशी लढताना स्फोट होऊन नष्ट झाली. पण ज्या घटनेने मुंबई खरोखर हादरली ती ४ नोव्हेंबर १७१२ ची. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन आपल्या तरुण पत्नीसह मुंबईच्या गव्हर्नराच्या सशस्त्र नौकेतून येत होता. बरोबर मिरी घेऊन येणारे 'ॲन' हे जहाज होते. कान्होजींच्या गुराबांनी दोन्ही गाठली. चाऊन तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्याची पत्नी कॅथरीन कुलाब्यास कैदेत राहिली आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपये दंड भरून इंग्रजांनी तिची सुटका करून घेतली. या बाईचे दैव विलक्षण. तिने पुढे अंजेंगोच्या वखारीचा प्रमुख गिफर्ड याच्याशी विवाह केला आणि तोही १७२१ मध्ये तेथील रहिवाशांच्या उठावात मारला गेला. मिरीच्या व्यापाराने एकाच स्त्रीला दोनदा वैधव्य दिले. आम्ही कान्होजींचे चरित्र गौरवाने लिहीत आहोत, म्हणून हे प्रकरण झाकून ठेवावे असे आम्हांस वाटत नाही. समुद्रावरील जकात तोफेनेच वसूल होत असे, आणि तोफेला कोण कोणाची बायको हे कळत नाही.

इंग्रजांनी १७१३ मध्ये कान्होजींशी तह केला. त्याच सुमारास घरचा एक मोठा पेचही सुटला. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्या कलहात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे होते. शाहूंनी पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी पकडून कैदेत ठेवले होते. साताऱ्यावर चालून येण्याची धमकी होती. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद देऊन त्यांच्याकडे धाडले. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, कोकणचे पाणी ओळखणारे. त्यांनी तलवार उपसण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या आरंभी झालेल्या समेटात कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले आणि त्यांचे सरखेलपद व छोटेमोठे २६ किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. या दोन माणसांनी त्या वेळी एकमेकांवर विश्वास ठेवला नसता, तर पुढील शंभर वर्षांचा इतिहास निराळा झाला असता, असे आमचे मत आहे. या समेटाची पाठ्यपुस्तकांत हवी तेवढी वाखाणणी होत नाही.

इंग्रजांशी झालेला तह मात्र टिकला नाही. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. हा माणूस जिद्दीचा. त्याने मुंबईभोवती तट बांधून पुरा केला, युद्धनौकांचा ताफा उभारला आणि आंग्र्यांचा बीमोड करण्याचा ध्यास घेतला. मुंबईच्या त्या कोटाचे नाव आज फक्त 'फोर्ट' या विभागात उरले आहे. या आरमाराचा खर्च वर्षाकाठी ५० हजार पौंडांच्या घरात गेल्याचे इंग्रज लेखकच सांगतात. व्यापारी जहाजांवरील हल्ल्यांचा खरा परिणाम पाहायचा तो येथे. किती जहाजे पकडली गेली याची यादी लहान आहे. जी पकडली गेली नाहीत ती काफिल्यासाठी बंदरात खोळंबली, त्यांवर जादा शिपाई चढवावे लागले, आणि संरक्षणाचा खर्च नफ्यातून कापला गेला. हूतींच्या हल्ल्यांतही बुडालेली जहाजे थोडी आणि वळसा घालणारी अगणित, हे आपण पाहिलेच.

बूनने १७१७ च्या एप्रिलात विजयदुर्गावर मोहीम धाडली, ती फसली. १७१८ च्या नोव्हेंबरात तो स्वतः खांदेरीवर चालून गेला. तेथूनही रिकाम्या हाती परतला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, या वेळी 'फ्राम' नावाचा एक तरंगता तोफखाना खास बांधवून. त्याचाही उपयोग झाला नाही, उलट परतीच्या काळात इंग्रजांचे 'शार्लोट' हे जहाज कान्होजींच्या हाती पडले.

या अपयशाची किंमत मुंबईतील एका मराठी गृहस्थास मोजावी लागली. रामा कामती हे मुंबईचे धनाढ्य सारस्वत व्यापारी, कंपनीचे विश्वासू, भंडारी पलटणीचे प्रमुख. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये पुन्हा उभारले गेले ते त्यांच्याच द्रव्यातून. खांदेरीच्या पराभवानंतर कोणाला तरी दोषी ठरविणे बूनला आवश्यक झाले. रामा कामती कान्होजींना गुप्त पत्रे लिहितात असा आरोप ठेवून १७२० मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. एका साक्षीदाराचा जबाब त्याचे हाल करून मिळविला होता. रामा कामतींची मालमत्ता जप्त झाली, ते तुरुंगात पडले आणि १७२८ मध्ये तेथेच वारले. पत्रे बनावट होती असे पुढे उघडकीस आले. पण तोवर सारे होऊन गेले होते. कान्होजींच्या शौर्याच्या कथा सांगताना या माणसाचे नाव सहसा कोणी घेत नाही. दोन सत्तांच्या कचाट्यात जो सापडतो त्याची बखर लिहिली जात नाही, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम घेतले आहे.

इंग्रजांच्या तक्रारीला दुसरीही एक बाजू होती, आणि ती त्यांच्या लेखांत दबून जाते. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे मोगल बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटले. यात्रेकरूंवर अत्याचार झाले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेतील इंग्रजांना कैदेत टाकले आणि अखेर यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याची जबाबदारी कंपनीवर आली. दोनच वर्षांनंतर कॅप्टन किड चाचे पकडण्याची सनद घेऊन आला आणि स्वतःच चाचा झाला. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिले. कोकणच्या समुद्रात चाचे कोण आणि पहारेकरी कोण, हे त्या काळी निशाणावरून ठरत नसे. १७२४ मध्ये मुंबईचा पुढचा गव्हर्नर फिप्स याने कान्होजींना लूटमारीबद्दल पत्रातून दोष दिला, तेव्हा दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही काही कमी नसतो, या आशयाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. पत्रव्यवहारात हा मनुष्य तितकाच हिशेबी होता.

सर्वांत मोठे संकट १७२१ च्या अखेरीस आले. इंग्लंडच्या राजाच्या चार युद्धनौका घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईस पोचला. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र होऊन कुलाब्यावर चाल केली. खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय बरोबर होता. फौज सहा हजारांच्या आसपास. कान्होजींनी शाहूंकडे मदत मागितली. शाहूंनी पिलाजी जाधवरावांना आणि पाठोपाठ तरुण पेशवे बाजीराव यांना रवाना केले. डिसेंबरातील हल्ला फसला. मराठी घोडदळ दिसताच पोर्तुगीजांची फळी मोडली, आणि संतापलेल्या मॅथ्यूजने मित्रपक्षाच्याच सेनापतीच्या तोंडावर हातातील छडी उगारली, असे इंग्रजी ग्रंथांतच वर्णन आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना न विचारता मराठ्यांशी वेगळा तह केला. मॅथ्यूज पुढे खासगी व्यापारात रमला आणि मायदेशी त्याची चौकशी झाली. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावले आणि ते परत गेले.

इतकी युद्धे सांगितल्यावर कान्होजी म्हणजे केवळ लढवय्ये, असा समज होऊ नये. अलिबागच्या वस्तीला शहराचे रूप त्यांच्याच काळात आले. १७२० मध्ये बांधलेला हिराकोट तेथे अजून उभा आहे. त्यांचा अलिबागी रुपया चालत असे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला की त्यांच्या बंदरांतून मीठ, भात आणि लाकूड यांची ने-आण सुरू होई. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कान्होजींना व्यापार बंद पाडावयाचा नव्हता. व्यापार थांबला असता तर दस्तकाचे उत्पन्नही थांबले असते. जहाजे चालू राहावीत, पण या किनाऱ्याला त्याचा हिस्सा देऊन चालू राहावीत, एवढीच त्यांची अट. जो समुद्री वाट नुसती उद्ध्वस्त करतो आणि जो तिच्यावर नाका बसवितो, त्या दोघांत फरक आहे. मात्र ज्याचा माल गेला त्या गरीब शिबाडवाल्याला तो फरक फारसा जाणवला नसेल, हेही खरे. पकडलेल्या जहाजांत आपल्याच देशातील व्यापाऱ्यांची जहाजे कमी नव्हती.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. तीस वर्षे चार आरमारी सत्तांनी त्यांच्याशी झुंज घेतली, पण त्यांच्या हयातीत त्यांचा एकही मुख्य जलदुर्ग त्यांना जिंकता आला नाही.

पुढचे वर्णन करताना लेखणी जड होते. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी असे पुत्र. सेखोजींनी चार वर्षे घर सांभाळले. १७३३ मध्ये ते वारले आणि भाऊबंदकी पेटली. कुलाबा एकाकडे, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग दुसऱ्याकडे. संभाजींनी १७३५ मध्ये 'डर्बी' हे कंपनीचे मोठे जहाज पकडून मुंबईला जबर धक्का दिला, पण घर दुभंगलेलेच राहिले. तुळाजी पराक्रमी खरे, पण त्यांनी पेशव्यांची सत्ता जुमानली नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात बंदरातील एका जहाजास आग लागली आणि ती एका गुराबेवरून दुसरीवर जात आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार एका दिवसात जळून गेले. किल्ला इंग्रजांनी घेतला, लूट आपसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या वाट्यास तुळाजींसारखा एक कैदी आला, जो पुढे आयुष्यभर बंदीतच राहिला. त्याच वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालकडे निघाले आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली. कोकणचा किनारा मोकळा झाला, तेव्हा इंग्रजांचे हातही मोकळे झाले होते. नानासाहेबांच्या या निर्णयाचे समर्थन करणारे विद्वान आहेत. आम्हांस ते पटत नाही.

मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ मध्ये 'आंग्रे' हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटाला आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, आणि तेथील १८६७ चा दीपस्तंभ मुंबईत येणाऱ्या व्यापारी जहाजांना वाट दाखवितो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही तिन्ही नावे आहेत. आपल्या भिलाईचाही यात एक धागा आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, ते पुरविणाऱ्या कारखान्यांत बोकारो आणि राउरकेला यांच्याबरोबर आपला कारखानाही होता. त्याच दिवशी नौदलाचे निशाण बदलले आणि त्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. प्लेट मिलमध्ये घाम गाळणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

सुट्टीत जे सभासद कोकणात जातील त्यांनी अलिबागेस अवश्य उतरावे. कान्होजींची समाधी गावातच आहे. कुलाब्याचा किल्ला समोरच पाण्यात दिसतो, आणि ओहोटी असेल तर वाळूवरून पायी चालत तटापर्यंत जाता येते. आम्ही गेलो तेव्हा परतताना पाणी घोट्याच्या वर आले होते आणि मुलांना खांद्यावर घ्यावे लागले. तेव्हा भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आधी विचारून घ्यावी.